बेडकाला काय झालंय? आधी पाण्याला विचारा!

सावेडीतल्या आमच्या रूमवर डिसेंबरात दोन नवे मेंबर आले. लाईटबिलात वाटा नाही, मेसच्या डब्याबद्दल तक्रार नाही, दिवसभर पाण्यात पाय पसरून तरंगायचं एवढंच काम. अंगठ्याएवढे दोन आफ्रिकन ड्वॉर्फ फ्रॉग. रूम पार्टनरच्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी अक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं गिफ्ट. घरमालक काकूंना 'मासे आहेत' असं सांगितलं. अगदीच खोटं नव्हतं ते, कारण हे बेडूक आयुष्यभर पाण्याबाहेर येतच नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकाच्या अंगावर पांढुरकं काहीतरी लोंबत होतं. ओला टिश्यू पेपर चिकटावा तसं. आम्ही तिघंही टरकलो. एक जण दुकानात पळाला आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन आला. माशांच्या बुरशीवरचं औषध. पाच-सहा थेंब टाका, संध्याकाळपर्यंत गडी टुणटुणीत! टाकले. पी हळद अन् हो गोरी, असा आमचा हिशेब. संध्याकाळी बेडूक काचेवर धडका मारायला लागला. मग घाबरून टाकीतलं सगळं पाणी फेकलं आणि नळाला नुकतंच आलेलं ताजं पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी त्या बेडकाला काही झालं नाही. पण त्याच्या जोडीदाराचं, जो आतापर्यंत ठणठणीत होता त्याचं, पोट लालसर झालं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आणि ज्याच्या अंगावर पांढरं दिसलं होतं तो आजारी नव्हताच. तो कात टाकत होता.

कातडीच तोंड, कातडीच नाक

पुढचे दोन महिने आम्ही जे शिकलो ते बेडूक आणण्याच्या आधी शिकायला हवं होतं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पाणी त्याच्या कातडीतून आत जातं. शरीरातल्या सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांचा तोल कातडीच सांभाळते. श्वासाचा काही भागही तिच्यातूनच चालतो. (काही भागच हं. ड्वॉर्फ फ्रॉगला फुफ्फुसं असतात, त्याला हवेसाठी वर यावंच लागतं. म्हणून पाणी आणि झाकण यांच्यामध्ये मोकळी जागा हवी.) वर चिकट पातळ थर असतो, त्यात जंतूंशी लढणारी द्रव्यं असतात. खवले नाहीत, केस नाहीत, काही नाही. म्हणजे पाण्यात जे आहे ते थोड्याच वेळात बेडकाच्या आत आहे.

आपल्याकडे म्हण आहे ना, रोग म्हशीला आणि औषध पखालीला? बेडकाच्या बाबतीत ती उलटी वाचायची. इथे बहुतेक वेळा रोग पखालीलाच असतो, आणि पहिला इलाजही पखालीवरच करावा लागतो. कातडीवर दिसणारी निम्मी दुखणी ही मुळात पाण्याची दुखणी असतात.

कात की आजार?

निरोगी बेडूक ठरावीक दिवसांनी कात टाकतो. पातळ, पारदर्शक पापुद्रा, बहुतेक वेळा अखंड निघतो. बेडूक पायाने तो ओढतो आणि चक्क खाऊन टाकतो. बघायला विचित्र वाटतं, पण तो भुकेला नाही की वेडा झालेला नाही. तास-दोन तासांत अंग पुन्हा स्वच्छ, रंग आधीपेक्षा उजळ, आणि संध्याकाळी ब्लडवर्म टाकले की पोरगं हजर. असं असेल तर काहीही करायचं नाही. बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही.

काळजी कधी करायची? कात रोजच्या रोज निघतेय, तुकड्या-तुकड्यांनी निघतेय, अंगावर चिंध्यांसारखी लटकून राहतेय, आणि सोबत बेडूक खात नाहीये, तेव्हा. मागचे पाय फाकवून सुस्त पडून राहणं, उलटं केलं तर सरळ व्हायला वेळ लागणं, ही तर धोक्याचीच खूण. हा किट्रिड नावाच्या बुरशीचा आजार असू शकतो. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण ती गोष्ट आपल्या रूमपुरती राहत नाही.

कापसाचा पुंजका चिकटल्यासारखं दिसत असेल, विशेषतः जुन्या जखमेवर किंवा बोटांवर, तर ती पाण्यातली साधी बुरशी. ती सहसा आधीच दुखावलेल्या कातडीवर बसते. म्हणून कातडी कशाने दुखावली ते आधी शोधायचं. टोकदार खडी? खरबरीत प्लॅस्टिकचं झाड? काचेवर नाक आपटून सोलवटलंय? की टाकीत सोबत ठेवलेला मासा कुरतडतोय?

मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटावर लाली, कधी रक्ताचे बारीक ठिपके, हे दिसलं तर वाट बघू नका. याला 'रेड लेग' म्हणतात. नाव पायाचं असलं तरी भानगड सगळ्या अंगाची असते. घाणेरड्या पाण्यात वाढणारे जीवाणू रक्तात शिरलेले असतात. मात्र प्रत्येक लाली म्हणजे रेड लेग नव्हे. क्लोरीन किंवा अमोनियाने भाजलेली कातडीही लालच दिसते. आमच्या मेलेल्या बेडकाच्या बाबतीत डॉक्टरांचा संशय याच दोघांवर होता.

दुकानात याचा एक मोठा भाऊही दिसतो, आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. बऱ्याचदा पांढरा किंवा गुलाबीसर. ओळखायची सोपी खूण: ड्वॉर्फच्या चारही पायांना पडदे असतात, क्लॉडच्या पुढच्या पायांची बोटं मोकळी असतात. हा हाताच्या तळव्याएवढा होतो आणि तोंडात मावेल ते खातो, म्हणून दोघांना कधीच एकत्र ठेवायचं नाही. याच्या पाठीची कातडी करडी, खरबरीत, कोंडा पडल्यासारखी झाली तर कातडीत शिरणारे सूक्ष्म जंत असू शकतात. त्याचा इलाज बुरशीच्या औषधाने होणार नाही, हे उघड आहे. पण दिसायला दोन्ही 'पांढरं-पांढरं'च असतं, आणि तिथेच आपण फसतो.

नगरचं पाणी आणि बेडकाची टाकी

शहरात मुळा धरणाचं पाणी येतं. ते आपल्यासाठी शुद्ध करताना क्लोरीन घालतात, घालायलाच हवं. गावाकडे विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतात, तेही तेच. आपल्याला त्याचा फक्त वास येतो. बेडकाला ते अंगभर लागतं. नळाचं पाणी थेट टाकीत ओतणं ही आमची पहिली चूक आणि बहुधा सगळ्यात मोठी.

उपाय अगदी स्वस्त आहे. प्लॅस्टिकची एक बादली फक्त टाकीसाठी ठेवायची. जिच्यात कधी साबण, सर्फ, फिनेल गेलं नाही अशी. नळाचं पाणी भरून उघडं २४ तास ठेवायचं, साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अक्वेरियमच्या दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालायचं. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आपल्या भागात ते जड असतं, आधी तपासा. मग आरओचा जार आणू का? असं आमच्यातल्या एकाने लगेच विचारलं. नुसतं आरओचं पाणीही नको. त्यात क्षारच उरलेले नसतात आणि बेडकाला क्षारांचा तोल सांभाळणं अवघड जातं.

आणखी एक खास आपल्या घरातली गोष्ट. आजीच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी. थंडीत टाकीचं पाणी गार झालं म्हणून गिझरचं पाणी मिसळणं. दोन्ही करू नका. पाण्यात उतरलेलं तांबं बेडकांना विषारी असतं, आणि बऱ्याच गिझरची टाकी तांब्याची असते. ड्वॉर्फ फ्रॉगला साधारण २२ ते २६ अंश तापमान मानवतं. नगरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री बंद खोलीतलं पाणीही यापेक्षा खाली जातं, आणि गारठलेल्या बेडकाची प्रतिकारशक्ती ढेपाळते. छोटा अक्वेरियम हीटर आणि थर्मामीटर, बस्स.

आता अमोनिया. हा दिसत नाही, म्हणून जास्त घातक. बेडकाची घाण आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया बनतो. जुन्या, बसलेल्या टाकीत फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जीवाणू तयार व्हायलाच काही आठवडे लागतात. आम्ही टाकी आणि बेडूक एकाच दिवशी आणले होते! थेंबांचं टेस्ट किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर अर्धं पाणी लगेच बदला, तेही मुरवलेलं आणि त्याच तापमानाचं. एरवी आठवड्याला पाव ते एक तृतीयांश बदललं तरी पुरतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नका, तेच जीवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

दवाखाना आणि औषधाची बाटली

बेडूक आजारी वाटला तर त्याला वेगळ्या टबात हलवा. पाच-सहा लिटरचा झाकणाचा पारदर्शक डबा चालतो, झाकणाला भोकं पाडून. पाणी दहा-बारा सेंटिमीटरच खोल, कारण अशक्त बेडकाला हवेसाठी वर यायला कष्ट पडू नयेत. खडी नाही, झाडं नाहीत, लपायला फुटक्या कुंडीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा. रोज सगळं पाणी बदला. अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. हाताने पकडू नका, मऊ जाळीने किंवा छोट्या डब्याने उचला. आणि खोलीत डास मारायचा स्प्रे, अगरबत्ती, लिक्विड मशीन बंद. त्यातली कीटकनाशकं पाण्यातल्या जिवांना माणसापेक्षा फार लवकर मारतात. कातडी थोडीच लाल किंवा थोडी सोललेली असेल आणि बेडूक खात असेल, तर एवढ्यावरही तो सावरू शकतो.

औषधांचं मात्र डॉक्टरवर सोडा. माशांच्या औषधांत मॅलाकाइट ग्रीन, फॉर्मेलिन, तांब्याचे क्षार असतात. माशाला खवले असतात, बेडकाला नाहीत. जो डोस माशाला बरा करतो तो बेडकाला मारू शकतो. किट्रिडवर इट्राकोनॅझोल वापरतात हे खरं आहे. गजकर्णावर आपल्याला देतात तेच. (हॉस्टेलमध्ये गजकर्ण किती जणांना आहे हे मी इथे लिहीत नाही.) पण ड्वॉर्फ फ्रॉगचं वजन काही ग्रॅम, त्याला फार पातळ केलेल्या द्रावणात रोज काही मिनिटं बुडवून काढतात, तेही बरेच दिवस. मेडिकलमधून कॅप्सूल आणून टाकीत फोडणं म्हणजे उपचार नव्हे. रेड लेगला अँटिबायोटिक लागतं आणि कुठलं, किती, हे जिवाणू बघून ठरतं. आपल्याला लावलेली मलमं, सॅनिटायझर, डिओ यातलं काही हाताला असेल तर तो हातसुद्धा पाण्यात घालू नका.

डॉक्टर कुठे शोधायचा हा खरा प्रश्न. आपला जिल्हा दुधाचा आणि साखरेचा. इथल्या पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो, बेडूक घेऊन गेलात तर ते आधी हसतील. हसू द्या, पण विचारा. कुठे पाठवायचं ते त्यांना माहीत असतं. पुण्यात विदेशी पाळीव प्राणी बघणारे डॉक्टर आहेत. शिरवळला आणि मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी फोन करून जा. त्याआधी एक करा: बेडूक पारदर्शक डब्यात ठेवून डबा वर उचला आणि खालून पोटाचा फोटो काढा. मांड्या आणि पोट न हाताळता दिसतं. सोबत पाण्याचं तापमान, टेस्ट किटचे आकडे, टाकी किती दिवसांची, काय-काय टाकलं, हे सगळं लिहून पाठवा. आम्ही फोन केला तेव्हा डॉक्टरांचे पहिले पाच प्रश्न पाण्याबद्दल होते. बेडकाबद्दल सहावा.

बेडूक मेलाच, तर तपासणीसाठी ओल्या पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतात. फ्रीजरमध्ये नाही, बर्फ झाला की आतल्या पेशी फुटतात आणि काही कळत नाही. आम्हाला हे उशिरा कळलं. कळलं असतं तरी काकूंच्या फ्रीजमध्ये ते कुणी ठेवलं असतं, देव जाणे.

'गावाकडे ओढ्यात सोडून देऊ?'

ही आयडिया आमच्या राजूरच्या पार्टनरची. अकोल्यातला गडी. एक मेला, दुसरा निदान मोकळा तरी जगेल, रतनवाडीकडे ओढेच ओढे आहेत, असं त्याचं म्हणणं. मनाने चांगला आहे तो. पण हे काम अजिबात करायचं नाही, आणि का ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

१९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत लान्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाच्या कामातून एक शोध लागला. गरोदर बाईच्या लघवीचं इंजेक्शन क्लॉड फ्रॉगच्या मादीला दिलं तर ती दिवसभरात अंडी घालते. प्रेग्नन्सी टेस्ट! मग जगभरच्या दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत हे बेडूक हजारोंनी गेले. पुढे स्ट्रिप्स आल्या आणि हे बेडूक अनेक ठिकाणी सुटले किंवा सोडले गेले. कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्समध्ये ते आज रानात आहेत.

१९९० च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांना ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडूक का मरतायत ते सापडलं: किट्रिड बुरशी. ती कातडीत वाढते आणि क्षारांची ये-जा बिघडवते. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. कातडीच्या आजाराने हार्ट फेल. क्लॉड फ्रॉग स्वतः बऱ्याचदा आजारी न दिसता ती बुरशी अंगावर वागवतो. १९३८ मध्ये जपून ठेवलेल्या क्लॉड फ्रॉगच्या एका नमुन्यातही ती सापडली आहे. नंतरच्या जनुकीय अभ्यासात तिचं मूळ पूर्व आशियात असल्याचं दिसलं, पण जगभर पसरायला बेडकांचा व्यापार कारणीभूत ठरला, यावर फारसा वाद नाही. २०१९ मध्ये झालेल्या जागतिक मोजदादीत ५०१ जातींची घट या बुरशीशी जोडली गेली, त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं.

आपल्याकडे? २०१३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांच्या अनेक जातींवर किट्रिड नोंदवली. त्यात जगात फक्त इथेच सापडणाऱ्या जातीही होत्या. ती आशियाई प्रकारची होती, आणि भारतात या बुरशीने बेडकांची सामूहिक मर झाल्याची नोंद नाही. म्हणजे आपले बेडूक बहुधा या इथल्या बुरशीसोबत जगतायत. बाहेरून दुसरा, जास्त जहाल प्रकार आला तर हेच चित्र राहील असं कोण म्हणेल? भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड हा सगळा त्याच घाटाचा भाग. पहिल्या पावसात रात्रभर जो आवाज येतो, काजवे बघायला गेलेल्यांनी ऐकला असेल, तो यांचाच. बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि ओल्या पाण्या-चिखलात काही आठवडे टिकतात. दिसायला निरोगी असा एक बेडूक पुरतो. बेडूकही नको, त्याच्या टाकीचं एक बादली पाणी पुरतं.

म्हणून टाकीचं जुनं पाणी ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात टाकायचं नाही. सीनेतही नाही. बादलीत ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवायचं आणि संडासात ओतायचं. जाळी, खडी उन्हात खडखडीत वाळवायची, ही बुरशी कोरडेपणाला टिकत नाही. आणि उलट दिशेनेही: पावसात दिसलेला पिवळाधम्मक बुलफ्रॉग उचलून टाकीत आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे.

राजूरकर ऐकून गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्यालाच सांभाळावा लागणार का हा?" होय भावा. पाच-सात वर्षं जगू शकतो तो. डिग्री संपेल, हा असेल. दुकानदार परत घेईल का, दुसरा कुणी नीट सांभाळेल का, हे विचारता येतं. ओढा हा पर्याय नाही.

एक गोष्ट आपल्याही तब्येतीची. अमेरिकेत २००९ ते २०११ मध्ये याच ड्वॉर्फ फ्रॉगच्या टाक्यांमधून साल्मोनेलाची साथ पसरली. दोनशेहून जास्त लोक आजारी पडले, बरीचशी लहान पोरं. बेडूक मजेत होते! टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा भांडी घासतो तिथे धुवायची नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे. काम झालं की साबणाने हात, आणि पाण्यात घालायच्या आधी नुसत्या पाण्याने साबण पूर्ण काढून.

वाचलेला बेडूक आता बरा आहे. वीस दिवस डब्यातल्या दवाखान्यात काढून तो परत टाकीत आलाय. परवा त्याने पुन्हा कात टाकली, आम्ही तिघं रात्री साडेबाराला टॉर्च लावून बघत बसलो. आता डोक्यात एप्रिल आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी पाणी तिशीच्या वर जाणार, आणि लाईट गेली की फिल्टर बंद. सध्या प्लॅन असा की टाकी खालच्या मजल्यावर न्यायची, भोवती ओलं गोणपाट, आणि बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवायचं. त्यासाठी मात्र काकूंना सांगावं लागेल की ते मासे नाहीत.